स्टॅबिलायझर शून्यावर

संपादक छा ग्यंग-ओ कधी ओरडत नाही.
फोनवर नुसता थांबतो. मग म्हणतो,
"सोमवारी कच्चं पाठवलं होतंस ना,
त्यातली बाई जिवंत होती.
पक्कं करताना कुणीतरी तिला इस्त्री केली आहे."

फाइल उघडते. त्रेचाळीस लेअर.
सगळ्यात तळाशी, फिक्या निळ्यात,
दिसेल न दिसेल अशी सोमवारची बाई,
अजून कुठेतरी निघालेली,
एक खांदा पुढे, पिशवी मागे राहिलेली.
तिच्यावर माझ्या शहाणपणाचे बेचाळीस थर.

खिडकीखाली यंगदोची गोदी.
एक रशियन मासेमारी जहाज पोट उघडं टाकून पडलंय,
वेल्डिंगच्या ठिणग्या माझ्या पडद्यावर उमटतात
आणि मी त्या पुसायला जाते.

सवय अशी:
चारशे टक्के झूम करायचं
आणि एका पापणीत राहायला जायचं.
मान कुठे गेली, कंबर कुणाची, पत्ता नाही.
दोन बोटं काचेवर टेकवली की चूक
आली तशी मुकाट परत.
काल मोजलं. जेवणापासून दिवे लागेपर्यंत
सहाशे बारा वेळा
मी काही केलंच नव्हतं.

आणि स्टॅबिलायझर ऐंशीवर.
मी ओढते, तो विचार करतो,
मग माझ्या मागून सावकाश
माझ्यापेक्षा बरी रेघ येते.
शाळेत पुढची मुलगी हात धरून गिरवून घ्यायची, तसं.
चौतीस वर्षांची झाले, अजून गिरवतेय.

तळमजल्यावरची दक-सिम जिन्यात लसूण सोलते.
तीस वर्षं ती दोरीवर लटकून
जहाजांचा गंज हातोडीने झाडत होती.
डावा कान गेलाय. उजवा हात
अजून कुठल्यातरी पत्र्यावर पडत असतो.
मी पॅड घेऊन वरच्या पायरीवर बसले.
"बसा अशाच," म्हटलं.
"काय?" म्हणाली, आणि उठली.

अर्धं मिनिट. त्याहून जास्त ती कुठेच नसते.
पहिल्या दिवशी पाठ मिळाली, तोंड नाही.
दुसऱ्या दिवशी टब आणि एक कोपर.
मग मी जाड ब्रश घेतला, झाडूसारखा,
चौकटी तिकिटाएवढ्या केल्या, की पापणीला जागाच उरू नये,
परतीचं बटण बंद केलं,
स्टॅबिलायझर शून्यावर आणला
आणि हात मोकळा सोडला.

काय घाणेरडं आलं!
ओल्या मातीत कोंबडीने पाय उकरावेत तसं.
चित्र आरशासारखं उलटं केलं तर
बाई जिन्यावरून खाली सांडत होती.
तरी वजन होतं. लसणाच्या टबाकडे
सगळं अंग झुकलेलं, एका थरथरत्या रेघेत.
थरथर तिची की माझी, सांगता येईना.
तिला दाखवलं.
"ही माझी नणंद," ती तिच्या बहिऱ्या आवाजात ओरडली,
"तिला कशाला काढलंस? तिने पैसे बुडवले माझे."

अकरा दिवस. दोनशेच्या वर चौकटी.
हात बसला असं नाही म्हणवत.
हात उठला, इतकंच.

आज पानं पाठवली. वरून रंग दिला,
निळी रेघ मात्र झाकली नाही.
छा ग्यंग-ओ थांबला. नेहमीपेक्षा जास्त.
"तिसऱ्या चौकटीत सहा बोटं आहेत," म्हणाला.
"तूच काढलंयस ना?"

मोजली. सहाच.
एक पुसायला हवं.
कुठलं, ते विचारायला खाली उतरते.
दक-सिम बुधवारची आंघोळीला गेलेली,
सार्वजनिक हमामात, संध्याकाळपर्यंत.
जिन्यात नुसती लसणाची सालं,
गोदीच्या वाऱ्यावर पायरी बदलणारी.

पॅड वर राहिलं.
मी बोटाने, भिंतीवरच्या धुळीत.